चुकलेला टाळ

एखाद्याचे चित्त भजनात आहे की नाही, हे त्याच्या हातांकडे पाहून ओळखता येते का? येते, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. टाळ लयीत पडतो, पाऊल पावलीत पडते, म्हणजे माणूस भजनात आहे. टाळ चुकला, म्हणजे चित्त कुठेतरी भटकायला गेले. हिशोब सोपा होता, आणि वडीगोद्रीच्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने तो मोडला. कसा मोडला आणि त्यातून काय कळले, ते आपणा माऊलींपुढे ठेवतो.

वडीगोद्री हे जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर वसलेले गाव. शहागडची गोदावरी इथून जवळच. मुक्ताईनगरहून निघालेली आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी आषाढीला जाताना जालना, अंबड करत याच वाटेने गोदावरी ओलांडते आणि गेवराई-बीडकडे लागते. त्यामुळे टाळाचा नाद या भागाला नवा नाही. पोरांना बाराखडीच्या आधी पावली येते.

ज्यांची गोष्ट सांगतो त्यांना सगळे आबा म्हणतात. सप्ताहात विणेकऱ्याच्या उजव्या हाताची पहिली जागा त्यांची. चाळीस वर्षे त्या जागेवर दुसरे कोणी उभे राहिले नाही. लय कुठे धरायची, कुठे चढवायची, हे आम्ही आबांच्या मनगटाकडे बघून शिकलो.

मग त्यांच्या टाळाचा नाद बारीक होऊ लागला. टाळाला टाळ लागत असे, पण नाद फुटत नसे. लय चढली की उजवा हात थोडा पळायचा आणि मध्येच अडकायचा. पावलीत उजवा पाय घासत येऊ लागला. आवाज खोल गेला. सगळ्यांत खटकले ते त्यांच्या चेहऱ्यावरचे. पूर्वी गजर चढला की आबांचा चेहरा उजळून निघे. आता तो दगडासारखा स्थिर राहू लागला. लोक म्हणू लागले, "आबांना आता भजनात गोडी राहिली नाही."

चाली सांगण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. एका रात्री मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आबा, चित्त ठिकाणावर ठेवा. पोरं तुमच्याकडं बघून वाजवतात." दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागच्या रांगेत उभे राहायला सांगितले. ते काही बोलले नाहीत. टाळ गळ्यातून काढले, पिशवीत ठेवले आणि मागे जाऊन उभे राहिले. पुढच्या सप्ताहाला ते आलेच नाहीत.

काही महिन्यांनी त्यांच्या थोरल्याने शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवले. कंपवात निघाला. आबांचा हात फारसा थरथरत नव्हता, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नव्हते. कंप नसलेला कंपवातही असतो, हे मला तेव्हा कळले. हालचाल मंद होणे, अंग ताठरणे, आवाज बारीक होणे, चेहऱ्यावरचे भाव गोठणे ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणे. आबांच्या चेहऱ्यावरचा भाव गेला होता, मनातला गेला नव्हता. आम्ही मात्र चेहरा वाचून मनाचा निकाल दिला होता.

या दुखण्याचे पहिले नीट वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले, म्हणून जग त्याला पार्किन्सन म्हणते. आपल्या आयुर्वेदात कंपवात हे नाव आहे आणि त्यावर खाजकुहिलीचे बी वापरत आले आहेत. त्या बियांत जे द्रव्य सापडते, त्याच लेव्होडोपाच्या गोळ्या १९६० च्या दशकापासून जगभरचे डॉक्टर देतात. दुखणे उपजते ते मेंदूच्या खोल भागात. तिथल्या काही पेशी डोपामाइन नावाचा रस तयार करतात. त्या पेशी झिजत जातात, आणि बाहेर पहिले लक्षण दिसेपर्यंत त्यांतल्या पुष्कळ गेलेल्या असतात.

त्या रसाचे काम काय? जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो, म्हणून आपल्याला हे चटकन कळेल. कालव्याला पाणी भरपूर असते, पण प्रत्येक चारीचे दार बंद असते. ज्याची पाळी आहे त्याच्याच शेताचे दार पाटकरी उघडतो. मेंदूचेही साधारण असेच आहे. उठणे, बसणे, हात उचलणे, पाय टाकणे अशा अनेक हालचाली वाट पाहत असतात. खोल मेंदूतला एक भाग त्यांना अडवून धरतो आणि ज्या हालचालीची वेळ आली तिचेच दार उघडतो. डोपामाइन म्हणजे दार उघडणारा हात. तो दुबळा झाला की कालवा भरलेला, शेतकरी बांधावर उभा, आणि शेत कोरडे. माणसाला पाऊल टाकायचे असते, पायात बळ असते, पण पाऊल सुटत नाही.

आता टाळाकडे वळू. आपल्याला वाटते, पखवाजाची थाप ऐकली की आपण टाळ मारतो. तसे होत नाही. आवाज कानावर पडून हात हलायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा तरी लागतो. ऐकून मारला तर प्रत्येक टाळ मागे पडेल. जाणता टाळकरी पुढची थाप कधी येणार हे आधीच ताडतो आणि हात आधीच सोडतो, म्हणून टाळ आणि थाप एका क्षणी भेटतात. ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगून शास्त्रज्ञांनी मोजले, तेव्हा माणसे बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच बोट टेकवतात असे आढळले. हा अंदाज बांधण्यात डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू मोठे काम करतो. वजनाने तो साऱ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या त्याच्यात असतात.

शिकणाऱ्या पोराला हे सारे ध्यान देऊन करावे लागते. तो हाताकडे बघतो, ओठांत मोजतो, आणि मोजताना अभंगाचे शब्द विसरतो. पुढे अभ्यास मुरला की काम खोल मेंदूकडे जाते. मग हात आपसूक चालतात, पाय आपसूक पडतात, आणि ध्यान मोकळे होते. कंपवातात नेमकी ही आपसूकता जाते. चाळीस वर्षे मुरलेली पावली पुन्हा पहिल्या दिवसासारखी मोजून टाकावी लागते. चालताना कोणी बोलायला लागले की पाय थांबतो, कारण बोलणे आणि चालणे दोन्हींना पुरेल एवढे ध्यान शिल्लक राहत नाही.

हे सगळे मला पुढे वाचून आणि विचारून कळले. माझे डोळे मात्र उघडले ते त्याआधी, काल्याच्या दिवशी.

त्या वर्षी थोरला आबांना काल्याच्या कीर्तनाला घेऊन आला होता. कीर्तन संपले, प्रसादाला गर्दी उसळली, आणि मंदिराच्या उंबऱ्यापाशी आबा थांबले. पाय जमिनीला खिळल्यासारखे. मागून लोक रेटत होते. कोणी म्हणाले, "आबा, उचला की पाय." एकाने हाताला धरून ओढले, तसे ते पुढे कलले. पडता पडता वाचले. आबा खाली पायांकडे बघत नुसते म्हणत होते, "उचलंना गेलाय बाबा, उचलंना."

तिथे बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा टाळ गळ्यात घालून उभा होता. त्याला कोणी काही शिकवले नव्हते. आबा घाबरलेत एवढे त्याला दिसले. तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने संथ पावलीचा ठेका धरला. एक, दोन. एक, दोन. शेजारच्या दोघांनी साथ दिली. "ज्ञानबा-तुकाराम" असा हलका गजर सुरू झाला. चार-पाच ठोके गेले आणि आबांचा उजवा पाय उंबऱ्यावरून पलीकडे पडला. मग डावा. ते पारापर्यंत पावली टाकत गेले. पारावर टेकले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. चेहरा मात्र तसाच स्थिर.

याला चमत्कार म्हणून मोकळे होऊ नये. आतून आपोआप सुटणाऱ्या पावलाची वाट बंद झाली, तरी बाहेरून आलेल्या ठोक्यावर पाऊल टाकण्याची मेंदूची वाट वेगळी आहे आणि ती पुष्कळदा शाबूत असते. कालव्याची पाळी चुकली तर विहिरीवरून पाणी घ्यावे तसे. १९९६ मध्ये अमेरिकेत कंपवाताच्या रुग्णांना तीन आठवडे रोज तालबद्ध संगीतावर चालवले, तेव्हा त्यांचा चालण्याचा वेग सरासरीने सुमारे २५ टक्के वाढला. ठोका कानाने यावा असेही नाही, डोळ्यांनीही येतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीने पाहिले की कंपवात झालेले तिचे काका सपाट जमिनीवर अडखळतात, पण जिना सहज उतरतात. एकेक पायरी हाच त्यांचा ठोका. मग तिने सपाट फरशीवर पायऱ्यांचे चित्र अंथरले, आणि त्यावरून काका नीट चालले. पुण्यातच हृषीकेश पवार कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवतात. तिथेही सूत्र हेच.

पण कोणी असे समजू नये की टाळाने कंपवात बरा होतो. दुखणे हळूहळू वाढतेच. गोळ्या लागतात, आणि त्या घड्याळाच्या काट्यावर लागतात. आबांचेही काही दिवस असे जातात की ठोका धरूनही पाय हलत नाही. टाळ त्या घटकेपुरते पाऊल सोडवतो, एवढेच. पण उंबऱ्यावर अडकलेल्या माणसाला ती घटकाही थोडी नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी ज्या रात्री आबांना चित्त ठिकाणावर ठेवायला सांगितले, त्या रात्री माझे चित्त कुठे होते? खरे सांगायचे तर पाण्याच्या पाळीत आणि कापसाच्या भावात. माझा एकही टाळ चुकला नव्हता. हात मुरलेले होते, ते आपले काम करत होते, आणि मी गैरहजर होतो. असा मी एकटाच नाही. २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले, की या क्षणी तुम्ही काय करता आहात आणि मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. अर्जुनाने हीच तक्रार भगवंतापुढे मांडली होती, की मन वाऱ्यासारखे आहे, आवरत नाही. सहाव्या अध्यायात त्याला अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने मिळाली, आणि माऊलींनी नेवाशाला ती आपल्या मराठीत उलगडून दिली.

मग कोणी विचारील, हात जर चित्ताशिवाय चालतात, तर टाळ घोटून काय उपयोग? नाम यंत्रासारखे घेण्यात काय अर्थ? मला वाटते, अभ्यास हातांना नोकरीला लावतो आणि चित्ताला सुट्टी देतो. ही सुट्टी फार मोलाची आहे. शिकाऊ पोराला ती नसते, आबांना ती आता राहिली नाही. आपल्याला आहे. त्या मोकळ्या झालेल्या जागेत विठ्ठलाला बसवायचे की कापसाचा भाव बसवायचा, हे मात्र हात ठरवू शकत नाहीत. म्हणून बिनचूक टाळ हा भक्तीचा पुरावा नाही. ती भक्तीला मिळालेली सवड आहे.

आणि चुकलेला टाळ हा अभक्तीचा पुरावा तर मुळीच नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: शरीर, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. त्यातल्या एकट्या कर्त्याकडे बोट दाखवणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही तिथेच सांगितले आहे. मी तेच केले होते. आबांचे साधन झिजले होते आणि मी कर्त्याला दोष दिला. माझे साधन धडधाकट होते आणि त्याचे श्रेय मी कर्त्याला, म्हणजे स्वतःला, देत होतो.

इथे आणखी एक चूक मी करणार होतो. पुढे मी आबांच्या घरी माफी मागायला गेलो. मनात एक गोड वाक्य तयार होते. म्हणालो, "आबा, आम्ही बेध्यानात शंभर पावलं टाकतो. तुमचं एकेक पाऊल पूर्ण ध्यानाचं. तुमची साधना आमच्यापेक्षा वरची."

आबांनी मान हलवली. बारीक आवाजात, थांबत थांबत म्हणाले, "नाही रे बाबा. ते ध्यान सगळं पायाचं असतंय. देव आठवायला जागाच राहत नाही. त्या दिवशी पोरानं ठेका धरला, अन् पाय सुटला. तवा कुठं नाम तोंडी आलं."

मी गप्प झालो. दुसऱ्याच्या दुखण्याला साधना म्हणणे फार सोपे असते. त्याला ती नको असते, त्याला पाय हवा असतो. आबांचे म्हणणे मी घरी येईपर्यंत घोळवत होतो. त्या पोराने त्यांना उंबरा ओलांडून दिला एवढेच नव्हते. पायाच्या चाकरीत अडकलेले चित्त त्याने चार घटका सोडवून दिले, आणि ते आपसूक नामाकडे गेले. म्हणजे टाळकरी टाळ वाजवतो तो स्वतःच्या भजनापुरता नसतो. त्याच्या ठोक्यावर दुसऱ्याचे पाऊल पडते. थकलेला, म्हातारा, आजारी, नवशिका, सगळे त्या उसन्या लयीवर चालतात. आपल्या संतांनी एकट्याने चालण्याऐवजी दिंडी का काढली, याची अनेक कारणे असतील. मला आता त्यातले एक उंबऱ्यापाशी दिसले आहे. लय एकट्याच्या अंगात कायमची राहत नाही. ज्याच्याकडे आज आहे त्याने ती धरून ठेवायची, म्हणजे ज्याची सुटली त्याला ती सापडते. उद्या आपली सुटेल तेव्हा आपल्यालाही सापडेल.

म्हणून दिंडीत किंवा सप्ताहात असा कोणी माऊली दिसला तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो अडकला तर ओढू नये, मागून ढकलू नये, ओरडू नये. घाईने पाय आणखी खिळतो. गर्दी थांबवावी, त्याला श्वास घेऊ द्यावा, आणि त्याच्या पावलाला झेपेल असा संथ ठोका द्यावा, टाळ नसेल तर टाळीने, टाळी नसेल तर नुसत्या "एक-दोन"ने. चालताना त्याला गप्पांत गुंतवू नये. अरुंद दार, उंबरा आणि वळण या त्याच्या अडचणीच्या जागा. तिथे एकाने सोबत राहावे. वारीत मुक्कामाच्या धांदलीत गोळीची वेळ चुकवू देऊ नये, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करून कोणतेही चूर्ण सुरू करू नये, खाजकुहिलीचेसुद्धा. आणि एखाद्या जुन्या टाळकऱ्याचा नाद बारीक झाला, चेहरा गोठला, पाऊल घासू लागले, तर त्याच्या भक्तीचा निकाल देण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मी हे केले असते तर आबांचा एक सप्ताह तरी वाया गेला नसता.

आता सप्ताहात विणेकऱ्याच्या उजव्या हाताला एक खुर्ची असते. आबा तिथे बसतात. टाळ त्यांच्या मांडीवर असतात; कधी वाजतात, कधी नाही. वाजले तर बहुतेक वेळा चुकतात. तो चुकलेला टाळ ऐकू आला की आम्ही सगळे लय किंचित खाली आणतो, आणि मी माझे चित्त कुठे आहे ते पाहून घेतो.

रामकृष्णहरी.